बाबा म्हणतात "मले आता पुरे झालं", मग त्यांना अडवायचा हक्क आपल्याला आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा दादा चाकणकडे कंपनीत कामाला आहे, आईबाबा दिग्रसकडच्या गावात, साडेचार एकर कोरडवाहू. बाबा ५८ वर्षांचे. दिवाळीत बैलजोडी विकली, तेव्हापासून वावरात जाणं कमी झालं, बोलणं कमी झालं, रात्री दोन-तीनला उठून ओट्यावर बसतात, आणि आतापर्यंत दोनदा म्हणाले, "मले आता पुरे झालं, सरकारनं आमच्यासारख्याले इच्छामरण द्याले पाह्यजे." दादा विचारतो की कोर्टानं इच्छामरण मान्य केलंय म्हणतात, मग ज्याला खरंच जगायचं नाही त्याला आपण अडवतो ते त्याच्या भल्यासाठी की आपल्या समाधानासाठी? आणि अडवायचंच तर नेमकं करायचं काय?

दादा, मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारी मानसिक आरोग्याच्या कामात २१ वर्षं आहे. पद सोशल वर्करचं, पण गावात गाडी थांबली की म्हणतात टेन्शनच्या मॅडम आल्या. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. आणि हक्काच्या वादावर मला बरंच बोलायचं आहे पण ते नंतर, आधी बाबांचं, कारण तुम्ही जे चार बदल लिहिलेत ना, झोप, बोलणं, वावर आणि हे "पुरे झालं", ते एकत्र आले की आम्ही वाट पाहत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सरळ विचारायचं. आडून नाही. "बाबा, जीव द्याचा विचार येते का मनात?" असं, घरच्या भाषेत, हळू आवाजात, शेजारी बसून. लोकांना वाटतं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेले आहेत आणि माझा स्वतःचा अनुभव पण तोच आहे, विचारलं की माणूस बहुतेक वेळा मोठा श्वास सोडतो. ज्याच्या डोक्यात नाही तो म्हणतो नाई रे बापा, आणि ज्याच्या डोक्यात आहे त्याला कितीतरी दिवसांनी कोणीतरी ते ओझं खाली ठेवायला जागा दिलेली असते. ते हो म्हणाले तर पुढचं पण विचारा, की काही ठरवलंय का, कधी असं वाटतं, कशानं थांबता. तुमचा चेहरा घाबरा झाला तर ते लगेच गप्प होतील, तुम्हाला त्रास नको म्हणून.

आणि काय बोलायचं नाही ते मी माझ्या चुकीवरून सांगते. नोकरी लागून दीडेक वर्ष झालं असेल, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक कास्तकार आले, टोपी हातात, बाकावर अगदी कडेला बसले. म्हणाले झोप येत नाही, जीव नको वाटते. मी नवीन, मनापासून सांगायला गेले, "काका असा विचार करू नका, पोरीचं लग्न व्हायचं आहे, तिच्याकडे पाहा." ते म्हणाले, "हो मॅडम, बरोबर हाय तुमचं," आणि उठून गेले. चार दिवसांनी त्यांची बायको त्यांना कॅज्युअल्टीत घेऊन आली. वाचले. नंतर वॉर्डात मला म्हणाले, "म्या तुमच्यापाशी सांगाले आल्तो, आन तुम्हीच मले पोरीचं लग्न सांगतलं. तेच तं झेपत नव्हतं." त्या दिवसापासून मी कोणालाही लेकराबाळांकडे पाहा असं सांगत नाही. ज्याला वाटतंय की आपण घरावर ओझं आहोत, त्याला घराची आठवण करून देणं म्हणजे ओझ्यावर ओझं. त्यापेक्षा म्हणायचं की बाबा, मला सांगितलं बरं केलं, मी आहे, आता काय करायचं ते दोघं मिळून पाहू.

दुसरी गोष्ट, आणि ही आजच. घरात, गोठ्यात, धुऱ्यावरच्या खोपडीत फवारणीचं जे काही उरलंसुरलं असेल ते घरातून काढायचं. आपण त्याला औषध म्हणतो, पऱ्हाटीचं औषध, तणाचं औषध, आणि ते तेलाच्या डब्याशेजारी खाटेखाली ठेवतो. आईला फोन करून सांगा की ते सगळं दुसऱ्याच्या घरी, किंवा पेटीत कुलूप लावून ठेवायचं आणि किल्ली बाबांकडे नाही. माझ्या ओळखीच्या एका गावात बचत गटाच्या बायांनी हे स्वतःहून चालू केलं. तिथल्या एका वहिनीची किल्ली मी पाहिली आहे, काळ्या पोतीत ओवलेली, दोन वाट्यांच्या मधे ती छोटी पितळी किल्ली, आंघोळ करताना पण काढत नाही म्हणाली. नवऱ्याला फवारणीच्या दिवशी मोजून देते आणि उरलेलं परत घेते. नवरा आधी रागावला, आता सवय झाली.

लोक म्हणतात, ज्याला करायचं तो काहीही करून करतोच. नाही करत. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि यानं माणसं जातात. मनाची ती टोकाची अवस्था फार वेळ टिकत नाही, काही तास, कधी कधी काही मिनिटंच, आणि त्या वेळेत हाताशी काही नसलं, शेजारी कोणी असलं, तर ती लाट ओसरते. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या २० वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं, शेतीचं उत्पादन पण पडलं नाही. लोकांचं दुःख काही ७० टक्के कमी झालं नव्हतं, फक्त हाताशी असलेली वस्तू बदलली. म्हणून आम्ही किल्लीच्या इतके मागे लागतो.

तिसरी गोष्ट डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. बाबा बोलणार नसतील तर आधी तुम्ही करा, घरच्या माणसानं केला तरी चालतो, तेच सांगतील जवळ कुठे न्यायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येते, दिवस आशाताईला माहीत असतो. तिला विचारा आणि लाजू नका, आपल्याकडे २०१५ च्या सुमारास प्रेरणा प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून आशाताई घरोघर झोप, भूक, निराशा याचे प्रश्न विचारतात, तिला हे नवीन नाही. डिप्रेशनची गोळी असेल तर ती दोन-तीन आठवड्यांनी काम करायला लागते, चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणारे फार. ही झोपेची गोळी नाही आणि तिची सवय लागत नाही, हे बाबांना दोनदा सांगा. गोळ्यांची पुडी सुरुवातीला आईकडे. आणि संध्याकाळची दारू वाढली असेल तर ते डॉक्टरला लपवू नका, दारू मन अजून खाली ओढते आणि त्या एका क्षणाचा ब्रेक काढून टाकते.

उपचारानं खरंच काही होतं का असं गावात नेहमी विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरी जाऊन बोलायचं आणि गरज असेल त्यालाच डॉक्टरकडे पाठवायचं. आधी डिप्रेशन असलेल्या १०० लोकांपैकी जेमतेम ४ जण कुठेतरी मदत घेत होते, दीड वर्षात ते २७ झाले, आणि वर्षभरात जीव द्यायचा विचार आला असं सांगणारे पण निम्म्यावर आले. म्हणजे १०० तले ९६ लोक आधी कुठेच जात नव्हते. तुमचे बाबा आज त्या ९६ मधे आहेत.

आता तुमचा मोठा प्रश्न. हक्काचा.

आधी कायदा स्वच्छ करून घेऊ, कारण यात गावातच नाही तर शिकलेल्या माणसांत पण प्रचंड गोंधळ आहे. भारतीय दंड संहितेत जुनं ३०९ कलम होतं, आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, एक वर्षापर्यंत शिक्षा. १९८६ मधे मुंबई हायकोर्टानं ते घटनेच्या विरोधात ठरवलं, १९९४ मधे सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी पण तेच म्हटलं, आणि १९९६ मधे ग्यान कौर खटल्यात पाच जणांच्या घटनापीठानं ते फिरवलं, म्हणाले जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ पासून लागू झाला, त्याच्या ११५ कलमात असं आहे की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरूनच चालायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३०९ राहिलंच नाही. फक्त सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर त्याचं वेगळं कलम आहे, २२६.

हे मी एवढं का सांगतेय तर माझी निम्मी नोकरी या ३०९ च्या भीतीशी भांडण्यात गेली. घरचे लोक माणसाला घेऊन येताना रस्त्यातच ठरवून यायचे की चुकून पोटात गेलं म्हणून सांगायचं, नाहीतर पोलीस केस होईल. मग डॉक्टर खरंच चुकून गेलं असं समजून दोन दिवसांत घरी पाठवायचे, मनाचं कोणी विचारायचंच नाही, आणि तोच माणूस त्याच घरात त्याच खाटेवर परत. आज पण एमएलसी होते, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवतो, पोलीस जबाब घेतात, पण शिक्षा नाही. हे तुमच्या गावात पारावर, पोलीस पाटलाला, सगळ्यांना सांगा. खरं सांगितलं तर उपचार खरा होतो.

मग कोर्टानं मान्य केलं ते काय? ते वेगळंच आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग, नोव्हेंबर १९७३ मधे त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, त्या ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात पडून होत्या आणि तिथल्या नर्सेसनी पिढ्यान्पिढ्या त्यांना सांभाळलं. त्यांना असं जगवत ठेवणं थांबवा अशी पत्रकार पिंकी विराणींची याचिका २०११ मधे सुप्रीम कोर्टानं शानबाग यांच्यापुरती फेटाळली, पण त्याच निकालात अशा स्थितीत जगवणारं यंत्र किंवा उपचार काढून घ्यायचा दरवाजा थोडा उघडला. शानबाग १८ मे २०१५ ला न्युमोनियानं गेल्या. मग ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज खटल्यात घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मी परत न येण्याच्या अवस्थेत गेलो तर मला मशीनवर ठेवू नका. याला लिव्हिंग विल म्हणतात. जानेवारी २०२३ मधे त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आधी मॅजिस्ट्रेट लागायचा. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आपल्याकडे आज पण गुन्हाच आहे. म्हणजे कोर्टानं मान्य केलं ते मरण ओढवून घेणं नाही, येऊ घातलेलं मरण अडवत न बसणं आहे. तुमच्या बाबांच्या "पुरे झालं" चा याच्याशी काही संबंध नाही, शब्द तेवढा एक आहे.

आणि हा शब्द आपल्याकडे तहसीलीत कसा वापरतात ते तुम्हाला माहीत असेलच. "विषय : इच्छामरणाची परवानगी मिळणेबाबत." असे अर्ज विदर्भात किती कास्तकारांनी कलेक्टरला, राष्ट्रपतींना दिलेत त्याची गिनतीच नाही. एकदा असाच एक जण आमच्याकडे पाठवला होता, अर्ज दिला म्हणून साहेब घाबरले आणि म्हणाले आधी मॅडमला दाखवून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, सातबारा, आणि तो टाइप केलेला अर्ज, तहसीलीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून केलेला, घडी घालून घालून मधोमध फाटायला आलेला. मी म्हटलं मला वाचून दाखवा. त्यांनी विषय वाचला, मग पहिला पॅरा, मग दुसरा, आणि पूर्ण दीड पान मोजणीचं होतं. शेजाऱ्यानं धुरा सरकवला, मोजणीचे पैसे भरले, दोनदा तारीख मिळाली, दोनदा कोणी आलंच नाही. मरणाचा शब्द विषयात एकदा आणि शेवटी एकदा. मी विचारलं, उद्या मोजणी झाली तर हा अर्ज ठेवाल की फाडाल? ते माझ्याकडे असं पाहत राहिले जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. म्हणाले, "मोजनी झाल्यावर कायले ठेवतो मॅडम?"

मला या वादात जे काही म्हणायचं आहे ते त्या एका उत्तरात आहे. कोणी मरणाचा हक्क मागतो तेव्हा मी अर्जाचा विषय सोडते आणि आतला मजकूर वाचते. आत मोजणी असेल, बोंडअळी असेल, कृषी केंद्राची उधारी असेल, पाठदुखी असेल, तर तो मरणाचा अर्ज नाही. त्याला मरणाचा हक्क देणं म्हणजे मोजणी न करताच फाइल बंद करणं.

पण मी असंही म्हणत नाही की हक्क नसतोच. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झालेले एक आजोबा होते, नागपूरला रेडिएशन घेऊन आलेले, परत वाढला. जबडा उघडत नव्हता, वास यायचा म्हणून नातवंडं खोलीत येत नव्हती. मला हातानं खूण करून म्हणाले सुई देऊन टाका. अर्ज वाचायचा म्हणजे इथे पण वाचायचाच, म्हणून मी बसले. आत दोन गोष्टी निघाल्या, एक दुखणं आणि दुसरी म्हणजे पोरगा परत नागपूरला ॲडमिट करायला निघाला होता, अजून एक एकर विकून, आणि आजोबांना ते नको होतं. जखमेचा वास औषधाच्या पावडरीनं कमी झाला, दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. २०१४ मधे कायदा बदलल्यापासून त्या मिळणं सोपं झालंय आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी माणसं असतात, पण गावात हे माहीतच नसतं, लोक दुखणं सोसतच जातात. आणि पोराला समोर बसवून आजोबांनी पाटीवर लिहिलं, "आता नाही. घरीच." पोरगा रडला, चिडला पण, लोक म्हणतील बापाला टाकून दिलं. मी त्या वेळेस आजोबांच्या बाजूनं ठाम उभी राहिले. तो त्यांचा हक्क होता, पूर्ण हक्क, आणि तो डॉक्टरनं, पोरानं, गावानं कोणीच हिसकायचा नाही. सुईचं त्यांनी परत काढलं नाही. सात आठवडे होते घरी, नातवंडं शेवटी खोलीत येऊन टीव्ही पाहायची.

विनोबांचं उदाहरण मला हमखास ऐकवतात, इथून पवनार काही लांब नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमधे हार्ट अटॅकनंतर त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला गेले. ८७ वर्षांचे होते, भोवती आश्रम होता, माणसं होती, जन्मभर ज्याचा विचार केला ते शांतपणे केलं. त्यांचं चूक का बरोबर हे मी ठरवणार नाही. पण त्यांची गोष्ट सांगून मध्यरात्री एकट्या ओट्यावर बसलेल्या माणसाला कोणी मोकळं सोडू नये. त्याच्याभोवती तर कोणीच नाही, आणि तो शांत तर नाहीच.

परदेशात काय चाललंय ते पण लोक विचारतात. नेदरलँडमधे २००२ पासून डॉक्टरच्या मदतीनं मरण कायदेशीर आहे, तिथे मानसिक आजाराच्या असह्य त्रासाला पण कडक तपासण्या करून परवानगी मिळते. कॅनडात २०१६ ला सुरू झालं, २०२१ ला मरण जवळ नसलेल्यांना पण लागू केलं, आणि फक्त मानसिक आजार असलेल्यांचं मात्र पुढे ढकलत ढकलत मार्च २०२७ पर्यंत नेलंय, कारण हा आजार बरा होणारच नाही हे छातीठोक सांगणं तिथल्या डॉक्टरांना पण जड जातंय. तिथे पण हाच वाद आहे, की घर, पैसा, मदत नाही म्हणून मरण मागणाऱ्याला हो म्हणायचं का. ज्यांनी तिथे हे कायदे मागितले त्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांनी आपली माणसं तडफडताना पाहिलेली आहेत. पण ज्या जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठायला ६० किलोमीटर एसटी करावी लागते तिथे मरणाचा पर्याय आधी आणि इलाजाचा नंतर असं झालं, तर तो निवडायला दोन वस्तू ठेवल्यासारखं होत नाही, एकच ठेवल्यासारखं होतं.

तुम्ही विचारलंत की ज्याला खरंच नाही जगायचं त्याचं काय. तर "खरंच" हा शब्द मी २१ वर्षं तपासतेय. एकदा प्रयत्न करून वाचलेल्या १० लोकांपैकी ९ जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत, हे जगभरच्या अभ्यासांत आलेलं आहे, आमच्या रजिस्टरमधे पण तेच दिसतं. ते ९ जण त्या रात्री अगदी "खरंच" म्हणत होते. नंतर पोळ्याला भेटतात, बैलाला झूल घालत असतात, मला पाहून जरा लाजतात. डिप्रेशनमधला माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याला पुढचं दिसत नसतं. दहा वर्षांचं दुखणं असलेला माणूस आणि तीन महिन्यांपासून न झोपलेला माणूस एकच वाक्य बोलतात. न झोपलेल्याला आधी झोप मिळू द्या, मग विचारू.

अडवणं म्हणजे डांबणं नाही हे पण सांगून ठेवते. खोलीत कोंडणं, बांधून ठेवणं, बुवाकडे नेऊन उपाशी बसवणं, हातातला मोबाइल काढून घेणं, चोवीस तास पहारा देऊन त्यात टोमणे मारणं, हे सगळं मी पाहिलंय आणि यानं माणूस अजून आत जातो. त्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन करायचं. किल्लीचं पण त्यांना सांगूनच करा, की बाबा सध्या हे मी काढून ठेवतोय, तुमची काळजी वाटते म्हणून. लपवाछपवी नको.

आणि एक राग आहे तो लिहूनच टाकते. २०२२ मधे देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मधे विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांचं पॅकेज झालं, कर्जमाफ्या झाल्या. पण कास्तकार गेल्यावर आजही तीच पद्धत, पंचनामा होतो, समिती बसते, आणि ठरतं की पात्र का अपात्र. सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं किंवा परवानावाल्या सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. असेल तर १ लाख. बाईच्या नावावर सातबारा नसतो म्हणून ती आयुष्यभर निंदण-वेचणी करून गेली तरी बहुतेक वेळा ती शेतकरीच नसते. मेल्यावर माणसाचा कागद इतका बारकाईनं वाचतात. तोच कागद तो जिवंत असताना, टेबलावर ठेवून हात जोडून उभा असताना कोणी वाचला असता तर. मरणाच्या हक्काची चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा मला हे आठवतं.

पण कर्जच एकटं कारण असतं असं पण धरून बसू नका. कर्ज बहुतेक घरांत आहे. त्याच्यासोबत आजार, दारू, भावकीचं भांडण, पोरीचा संसार, आणि महिनोन्महिने कोणाशी न बोललेलं मन असं सगळं साचत जातं. म्हणून तुम्ही तिथून पैसे पाठवले की बाबा बरे होतील असं नाही. पैसे पाठवा, सोसायटीच्या सचिवाला भेटून कर्जाचं पुनर्गठन विचारा, मायक्रोफायनान्सचा हप्ता असेल तर तो आईला विचारा कारण तो बहुतेक तिच्या नावावर असतो आणि बाबांना त्याची लाज वाटत असते. पण जावं तर लागेल. या शनिवारी जा. तोवर मामा किंवा जवळचं कोणी रात्री घरी झोपायला येऊ द्या, बाबा रात्री उठतात म्हणालात ना, ती वेळ एकट्याची नको. त्यांनी काही ठरवलंय, निरवानिरव करतायत, कागदपत्रं कोणाच्या हाती देतायत असं कानावर आलं तर शनिवारची वाट पाहू नका, त्याच वेळेस १०८ ला फोन किंवा सरळ सरकारी दवाखाना, आणि एक मिनिट पण एकटं सोडायचं नाही त्यांना.

आणि गावी पोचलात की सुरुवात कशानं करायची म्हणाल, तर तुम्ही प्रश्नात एक गोष्ट सहज लिहून पुढे गेलात, दिवाळीत बैलजोडी विकली. किती वर्षांची होती ती जोडी, कोणाला दिली, बाजारात नेताना सोबत कोण होतं, आता ती कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आधी तेच विचारा. रात्री ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून, बैलांची नावं घेऊन विचारा. ते बोलायला लागले की मधे बोलू नका, आणि गप्प झाले तरी उठू नका.